चिन्हांचे दोन क्रम : मेजावरील संगणकावर मेनफ्रेम-आज्ञावलीची परीक्षा

बँका व विमासंस्था यांच्या मेनफ्रेमवर चालणाऱ्या कोबॉल आज्ञावल्यांची तपासणी आता पुष्कळ ठिकाणी प्रथम आज्ञावलीकाराच्या मेजावरील संगणकावरच होते. काम 'जॉब'च्या रूपाने मेनफ्रेमकडे पाठवावे, पाळी येईपर्यंत थांबावे आणि ते मध्येच कोसळल्यास स्मृतीतील मजकुराची लांबलचक नोंद, म्हणजे 'डंप', वाचीत बसावे, ही जुनी रीत अतिशय वेळखाऊ होती. मेजावर आज्ञावली ओळीओळीने थांबविता येते व प्रत्येक चलाचे मूल्य तेथल्या तेथे पाहता येते.

या तपासणीचे प्रकार मात्र एकसारखे नाहीत. कधी आज्ञावली मेनफ्रेमवरच चालते व मेजावर फक्त तिचे दर्शन घडते; कधी मेनफ्रेमच्या यंत्ररचनेचे हुबेहूब अनुकरण करणारी प्रणाली मेजावर बसविलेली असते; आणि कधी तीच कोबॉल संहिता मेजावरील कंपायलरने नव्याने भाषांतरित केली जाते. खरी अडचण या तिसऱ्या प्रकारात आहे. संहिता तीच राहते, परंतु तिच्या खालची चिन्हव्यवस्था बदलते.

आयबीएमने १९६४ साली सिस्टिम/३६० जाहीर केली, तेव्हा तिच्यासाठी एब्सिडिक ही संकेतावली योजिली. तिचे मूळ पंचकार्डावरील छिद्रांच्या रचनेत आहे. म्हणूनच तीत 'आय' या अक्षरानंतर लगेच 'जे' येत नाही, मध्ये ७ स्थाने जातात. मेजावरील संगणक आस्कीच्या परंपरेतले. आस्कीत अंक ४८ पासून, मोठी रोमन अक्षरे ६५ पासून आणि लहान ९७ पासून सुरू होतात. एब्सिडिकमध्ये क्रम नेमका उलटा : लहान अक्षरे १२९ पासून, मोठी १९३ पासून व अंक २४० पासून. 'पहिले चिन्ह मोठ्या ए-हून लहान असेल तर तो अंक समजावा' ही अट मेजावर अचूक ठरते. मेनफ्रेमवर तीच अट कोणत्याही अंकाला लागू पडत नाही. कोबॉलमध्ये वर्णक्रम घोषित करण्याची सोय आहे, पण तिची आठवण बहुधा उशिरा होते. (वर्णक्रम ही संकेताची बाब आहे, निसर्गाची नव्हे, हे मराठीच्या अभ्यासकास सांगावयास नको. आपल्या वर्णमालेत 'ळ' हा 'ह'नंतर येतो, युनिकोडमध्ये तो 'ल'च्या पाठोपाठ बसला आहे.)

याहून घातक प्रकार आकड्यांचा आहे. कोबॉलच्या 'कॉम्प-३' पद्धतीत एका बाइटात दोन अंक दाटून बसवितात आणि शेवटचा अर्धा बाइट धन-ऋण चिन्हासाठी राखतात. षोडशमान अंकनात धन १२५ ही रक्कम '१२ ५सी' अशी असते. चाचणीसाठी अशी फाइल 'मजकूर' समजून एब्सिडिकमधून आस्कीत उतरविली, तर रूपांतर करणाऱ्या साधनास ५सी हा बाइट तारकाचिन्ह वाटतो, आणि आस्कीतील तारकाचिन्ह २ए आहे. १२ हा बाइट न बदलता तसाच राहतो. हाती उरते '१२ २ए'. आयबीएमच्या यंत्ररचनेत ए, सी, ई व एफ ही चारही धनचिन्हे मानली जात असल्याने हा नियम पाळणारी प्रणाली १२२ ही रक्कम निमूटपणे स्वीकारते. तीन रुपये नाहीसे होतात. दोषाची सूचना मात्र येत नाही.

ऋण १२५ ची गत निराळी. तेथे शेवटचा बाइट ५डी, म्हणजे एब्सिडिकमधील बंद कंस. त्याचे आस्की रूप २९. नऊ हे कोणतेच चिन्ह नव्हे, म्हणून असा मजकूर मेनफ्रेमवरील गणितात आला की 'एस०सी७' हा सुप्रसिद्ध दोषसंकेत देऊन काम बंद पडते. आज्ञावलीकार या संकेताला भितात, पण वस्तुतः तो त्यांचा हितकर्ता आहे. केवळ धन रकमांवर घेतलेली चाचणी 'उत्तीर्ण' होते, ती या कारणाने.

यास्तव फाइल बाइटास बाइट अशा द्विमान रूपातच हलवावी आणि रूपांतर करावयाचे झाल्यास नोंदीचा आराखडा पाहून फक्त अक्षरक्षेत्रांचे करावे. नमुन्यात ऋण रकमा, अंकाने आरंभ होणारे खातेसंकेत व लहान लिपीतील एखादे नाव अवश्य असावे. आणि क्रमवारी किंवा तुलना ज्या ज्या भागात आहे, तो भाग मेनफ्रेमवर पुन्हा चालवून दोन्हीकडील निकालाच्या फाइली बाइटशः ताडून पाहाव्यात.