दत्तक, प्रतिपालन आणि बालसंगोपन : वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

‘दत्तक’ हा शब्द वऱ्हाडात निरनिराळ्या अर्थांनी वापरला जातो. निपुत्रिक कुटुंबाने वंशासाठी व मिळकतीसाठी घेतलेला मुलगा तो दत्तक. अनाथालयातून आणलेले मूल तेही दत्तक. आणि बाप वारल्यावर मामाच्या किंवा काकाच्या घरी वाढणारे पोर, त्यालाही गावात ‘मामाने दत्तक घेतले’ असेच म्हणतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र ही तीन अगदी भिन्न नाती आहेत. त्यांतील पहिल्या दोहोंत मुलाला नवे आईबाप मिळतात, तिसऱ्यात केवळ आसरा मिळतो. या भेदाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे ज्या बालकासाठी कायदा केला गेला, त्याच्याच पदरी कित्येकदा काहीही पडत नाही. प्रस्तुत लेखात या विषयावरील केंद्रीय कायद्यांची घडण आणि वाशीमसारख्या जिल्ह्यात त्यांचा होणारा विनियोग यांचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका

प्राचीन वत्सगुल्माचा हा प्रदेश १८५३ पासून निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेल्या वऱ्हाडाचा भाग होता. वाशीम हा त्या काळी स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडण्यात आला आणि १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा होऊन पुन्हा अस्तित्वात आला. राज्यकारभार मध्यप्रांताशी जोडलेला असला, तरी हिंदूंच्या दत्तकविषयक बाबतीत वऱ्हाडात मराठी मुलखातील, म्हणजे मुंबई संप्रदायाचे धर्मशास्त्र मानले जाई. मिताक्षरेच्या जोडीला नीलकंठाच्या ‘व्यवहारमयूखा’चे प्रामाण्य हे या संप्रदायाचे वैशिष्ट्य होय. त्यानुसार विधवेला पतीची पूर्वसंमती नसतानाही दत्तक घेता येत असे आणि दत्तक जाणाऱ्याला वयाची अट नसे. विवाहित पुरुषही दत्तक जाऊ शकत असे.

या उदारतेचा लाभ घराण्याला झाला, बालकाला झाला नाही. दत्तक पुत्रच असावा, तो सजातीय असावा आणि त्याचे दान आईबापांनीच करावे असे शास्त्र होते. दान करणारे आईबापच नाहीत, म्हणून अनाथ मूल सामान्यतः दत्तक जाऊ शकत नसे. ज्याला कुटुंबाची सर्वाधिक गरज, तेच मूल अपात्र ठरावे ही या व्यवस्थेतील मोठी विसंगती होती. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८७४ च्या सुमारास एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत याला आपला पुत्र मानले आणि जोतीरावांनी १८८७ मध्ये मृत्युपत्र करून त्याच्या हक्काची तजवीज केली. त्यांचे हे कृत्य या पार्श्वभूमीवर पाहिले म्हणजे त्याचे वेगळेपण ध्यानात येते.

शिवाय, विधवेने घेतलेला दत्तक हा पतीच्या मृत्यूच्या क्षणापासून त्याचा पुत्र होता असे मानण्याची कल्पना रूढ होती. त्यामुळे वर्षानुवर्षे भाऊबंदांच्या वहिवाटीत असलेली जमीन दत्तकविधानानंतर अचानक वादात सापडे. दत्तकाचा कायदा हा दीर्घकाळ मुख्यतः मिळकतीच्या दाव्यांचा कायदा राहिला, त्याचे कारण हेच.

१९५६ चा कायदा

हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम २१ डिसेंबर १९५६ पासून अंमलात आला. राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत ‘अज्ञान मुले व दत्तक’ हे विषय असल्याने संसदेला हा कायदा करता आला. त्याने मुलगी दत्तक घेण्यास मान्यता दिली, जातीची अट काढली आणि दत्तहोम आवश्यक नाही असे ठरविले. प्रत्यक्ष देणे व घेणे मात्र आवश्यक ठेवले. दत्तकामुळे कोणाकडे आधीच निहित झालेली मिळकत काढून घेतली जाणार नाही, हे बाराव्या कलमात स्पष्ट झाल्याने जुन्या दाव्यांचे मूळही बऱ्याच अंशी खुंटले. दत्तकाच्या बदल्यात पैसे देणे-घेणे सतराव्या कलमाने निषिद्ध झाले. स्त्रीला दत्तक देण्याघेण्याचा पुरुषाइतका अधिकार मात्र २०१० च्या दुरुस्तीनेच मिळाला.

कोण दत्तक देऊ शकतो, हा या कायद्यातील कळीचा मुद्दा होय. नवव्या कलमान्वये हा अधिकार आई व वडील यांचा आहे. दोघेही मृत असतील तर पालकाला न्यायालयाची पूर्वपरवानगी घेऊनच मूल देता येते, स्वतःलाच दत्तक घ्यायचे असले तरी. टाकून दिलेले किंवा ज्याचे आईबाप अज्ञात आहेत असे मूल तर १९६२ च्या दुरुस्तीनंतरच या तरतुदीत आले. आजोबांनी किंवा काकांनी मुद्रांकाच्या कागदावर लिहून दिलेला ‘दत्तकलेख’ अशा परवानगीविना निरर्थक ठरतो, मग पंचांच्या कितीही सह्या असोत.

बालन्यायाची दुसरी वाट

१९५६ चा कायदा हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांनाच लागू होता. वाशीम जिल्ह्यातील नवबौद्ध समाज व कारंजा येथील जैन समाज त्याच्या कक्षेत येतात. मुसलमान व ख्रिस्ती येत नाहीत. त्यांना १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली पालकत्व घेता येई, परंतु मूल सज्ञान होताच ते नाते कायद्याने संपे. ही उणीव बालन्याय अधिनियम, २००० याने आणि त्याच्या २००६ च्या दुरुस्तीने भरून काढली. धर्म कोणताही असो, या कायद्याखाली दत्तक घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने शबनम हाशमी प्रकरणात २०१४ मध्ये स्पष्ट केले. सध्याचा बालन्याय अधिनियम २०१५ चा असून तो जानेवारी २०१६ पासून लागू आहे.

या दोन कायद्यांच्या दृष्टिकोनांतील अंतर लक्षात घेण्यासारखे आहे. १९५६ चा कायदा दत्तक घेणाऱ्याला मूल आहे की नाही, येथून विचार सुरू करतो. बालन्याय अधिनियम बालक कुटुंबाविना आहे काय, येथून सुरुवात करतो. सापडलेले मूल चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीला अथवा पोलीस, बालसहाय्य सेवा वा जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांना कळविणे बंधनकारक आहे. ही समिती एक अध्यक्ष व चार सदस्य यांची असून प्रत्येक जिल्ह्यात किमान एक असावी लागते. आईबापांचा शोध घेऊनही ते न मिळाल्यास दोन वर्षांपर्यंतचे मूल दोन महिन्यांत व त्याहून मोठे मूल चार महिन्यांत ‘दत्तकासाठी विधिमुक्त’ घोषित करावयाचे असते. आईबापांनी स्वतः मूल समितीच्या स्वाधीन केल्यास त्यांना फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. यानंतर इच्छुक पालकांची निवड केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या देशव्यापी नोंदवहीतील क्रमाने होते. वाशीमचे मूल केरळात जाईल किंवा केरळचे वाशीमला येईल. ओळखीला येथे वाव नाही.

अंतिम आदेश पूर्वी न्यायालय देई. २०२१ च्या दुरुस्तीने तो अधिकार १ सप्टेंबर २०२२ पासून जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याकडे दिला आणि त्यावरील अपील विभागीय आयुक्तांकडे ठेवले. वाशीमच्या बाबतीत ते अमरावतीस बसतात. न्यायालयांत आधीपासून चालू असलेली प्रकरणे वर्ग करण्यास मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये अंतरिम स्थगिती दिली होती. निवाड्याचे काम प्रशासनाकडे जावे काय, हा प्रश्न अभ्यासकांनी स्वतंत्रपणे तपासावा इतका महत्त्वाचा आहे.

प्रतिपालन व बालसंगोपन

परंतु जिल्ह्यातील बहुसंख्य गरजू बालके या दोन्ही वाटांवर येतच नाहीत, कारण ती पूर्णतः अनाथ नसतात. वाशीम हा पश्चिम विदर्भातील शेतकरी आत्महत्यांनी ग्रस्त अशा जिल्ह्यांपैकी एक; २००६ मध्ये पंतप्रधानांनी ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत त्याचा समावेश होता. २०१८ मध्ये केंद्राने त्याची गणना आकांक्षित जिल्ह्यांत केली. येथील नमुन्याचे मूल ते, ज्याचा बाप नाही पण आई आहे, अथवा आईबाप मजुरीसाठी परमुलखात गेले आहेत आणि आजी गावी सांभाळते आहे. अशा मुलाला दत्तक देणे गैर होईल. त्याची गरज आहे ती स्वतःच्या घरात टिकून राहण्याची.

कायद्याने यासाठी दोन साधने दिली आहेत. चव्वेचाळिसाव्या कलमातील प्रतिपालनात बालक काही काळ दुसऱ्या कुटुंबात राहते. जन्मदात्यांशी असलेले त्याचे कायदेशीर नाते तुटत नाही. २०२४ च्या आदर्श मार्गदर्शक सूचनांनी एकट्या व्यक्तीलाही प्रतिपालक होण्यास मुभा दिली आणि प्रतिपालक कुटुंबाने मूल दत्तक घेण्यापूर्वीचा कालावधी पाच वर्षांवरून दोन वर्षांवर आणला. पंचेचाळिसाव्या कलमातील प्रायोजकत्वात मूल स्वतःच्या घरीच राहते व त्यासाठी आर्थिक साहाय्य मिळते; ‘मिशन वात्सल्य’ योजनेत ही रक्कम दरमहा ४,००० रुपये असून खर्चाचा भार केंद्र व राज्य यांच्यात ६० : ४० असा विभागला जातो. याशिवाय महाराष्ट्र शासनाची बालसंगोपन योजना आहे. तिचे अनुदान २०२३ मध्ये दरमहा १,१०० रुपयांवरून २,२५० रुपये झाले. दुसऱ्या कुटुंबात मूल सांभाळण्याची ही मूळ कल्पना व्यवहारात एकल पालकांच्या मुलांना त्यांच्या घरीच आधार देणारी योजना बनली आहे.

अमेरिकेशी तुलना केली असता हा फरक अधिक स्पष्ट होतो. तेथे प्रतिपालन हा बालकल्याणाचा मुख्य आधार आहे. १९९७ च्या संघीय कायद्यानुसार मूल मागील बावीस महिन्यांपैकी पंधरा महिने प्रतिपालनात राहिले, तर काही अपवाद वगळता जन्मदात्यांचे हक्क संपुष्टात आणण्यासाठी राज्याला न्यायालयात जावे लागते. भारतीय कायद्यात केवळ काळ लोटला म्हणून हयात आईबापांचे नाते तुटत नाही. येथे धोका निराळा आहे : नाते कागदावर टिकते, आणि मूल नात्यागोत्याच्या आसऱ्यात कोणत्याही नोंदीविना वाढते.

एक उदाहरण

हा धोका एका कल्पित उदाहरणाने समजून घेता येईल. रिसोड तालुक्यातील एक शेतकरी मरण पावला. मागे पत्नी, सात वर्षांची मुलगी व तीन एकर कोरडवाहू जमीन. फेरफारात मुलीचे नाव लागले व सातबाऱ्यावर ‘अ. पा. क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणून आईची नोंद झाली. वर्षभरात आईही वारली. काकांनी मुलीला घरी नेले. गाव म्हणाले, दत्तक घेतले. कायद्याच्या नजरेत मात्र काका तिचे वडील नाहीत, आणि १९५६ च्याच हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमान्वये नैसर्गिक पालकही नाहीत. तिची जमीन विकण्याचा त्यांना अधिकार नाही. काकांच्या मिळकतीत कन्या म्हणून तिला वाटा नाही. आणि बालकल्याण समितीपुढे ती कधी आलीच नाही, म्हणून अनुदानही नाही. काका सज्जन असले तर तिचे निभावते. नसले तर तिच्या बाजूने बोलणारा एकही कागद नाही.

वास्तविक तिच्यासाठी तीन मार्ग खुले होते : १९५६ च्या कायद्याखाली जिल्हा न्यायालयाच्या परवानगीने दत्तक, बालन्याय अधिनियमाखाली नातलगाने घ्यावयाचे दत्तक, ज्यात काका, मामा, मावशी, आत्या व आजी-आजोबा येतात, किंवा दत्तकाविना समितीच्या आदेशाने साहाय्य. दत्तक गेली असती तरी वडिलांकडून आलेली जमीन तिचीच राहिली असती, कारण आधी निहित झालेली मिळकत दत्तकाबरोबर जात नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, दत्तकाचा कायदा घराण्याकडून बालकाकडे सरकला. परंतु गावातील शब्द अद्याप जुन्याच अर्थाशी बांधलेला आहे. वाशीमसारख्या जिल्ह्यात दत्तकविधानांची संख्या वाढविणे हे मुख्य कार्य नव्हे. आप्तांच्या घरी वाढणारी मुले समितीच्या नोंदीत आणणे, हे ते कार्य होय. वारसाची नोंद करताना ‘अ. पा. क.’ हा शेरा लिहिणाऱ्या तलाठ्याला गावातील अशा मुलाची माहिती सर्वांत आधी होते. महसूल खात्याची ही नोंद आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाची नोंदवही यांची सांगड घातली गेल्यास किती बालके प्रथमच कायद्याच्या दृष्टीस पडतील, हा तालुकावार क्षेत्राभ्यासाचा विषय आहे. मुलीला आसरा देणारे काका गावाला ठाऊक असतात. त्या मुलीचा हक्क कोठेतरी लिहिलेला असावा लागतो.