एक क्रमांक, अनेक यंत्रे



डिचोली तालुक्यातील सुर्ला गावाहून एखादी विद्यार्थिनी गुणपत्रिकेच्या चौकशीसाठी कोणत्याही एका मोठ्या विद्यापीठाच्या कचेरीला दूरध्वनी करीत आहे, अशी कल्पना करा. गोवा विद्यापीठ १९८५ साली स्थापन झाले. तत्पूर्वी गोव्यातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. चौकशीसाठी पत्र धाडावे लागे, नाही तर ट्रंक कॉलची वाट पाहावी लागे. आज क्षणार्धात घंटा वाजते. ती नेमकी कोठे वाजते, याचा विचार आज आपण करू.

जुन्या पद्धतीत क्रमांक म्हणजे तांब्याच्या तारांची एक जोडी. तिला दोन-तीन यंत्रे जोडली, की सर्वांची घंटा वाजे. पण एकाचे बोलणे दुसऱ्यालाही ऐकता येई. इंटरनेटवरून चालणाऱ्या दूरध्वनीत क्रमांकाचे तारेशी असलेले हे नाते तुटले आहे. आवाजाचे सेकंदाला सामान्यतः आठ हजार नमुने घेतात, त्यांचे आकडे करतात आणि त्या आकड्यांच्या लहान लहान पुड्या संगणकांच्याच जाळ्यातून पाठवितात. प्रत्येक यंत्र मध्यवर्ती संगणकाकडे आपली नोंद करते. क्रमांक हे त्या नोंदवहीतील केवळ एक नाव. त्या नावापुढे दहा यंत्रे मांडली, की सामायिक लाइन सिद्ध झाली.

या दहाही यंत्रांवर त्या लाइनचा दिवा असतो. एका कारकुनाने दूरध्वनी घेतला, की उरलेल्या नऊ ठिकाणी लाइन गुंतल्याची खूण उमटते. त्याने बोलणाऱ्यास थांबवून ठेवले, तर दिवा लुकलुकू लागतो आणि शेजारच्या खोलीतील अधिकारी तेच संभाषण पुढे चालवू शकतो. मात्र प्रत्येक बदल नऊ जणांना कळवावा लागतो. हजारो यंत्रांच्या विद्यापीठात असे निरोप फार वाढतात. म्हणून एका लाइनवरील यंत्रे मोजकीच ठेवणे शहाणपणाचे.

येथे दोन धोके ध्यानी घ्यावयास हवेत. जुन्या यंत्रास वीज एक्सचेंजकडून तारेतूनच मिळे. नवे यंत्र वीज गेल्यावर मुके होते. त्यास बॅटरीचा आधार द्यावा लागतो. दुसरा धोका अधिक गंभीर आहे. एकच क्रमांक तीन इमारतींत असेल आणि पत्ता केवळ क्रमांकापुढे लिहिलेला असेल, तर प्रयोगशाळेत कोणी कोसळल्यावर मदत भलत्याच दारी जाईल. म्हणून प्रत्येक यंत्राची इमारत व खोली स्वतंत्रपणे नोंदविली पाहिजे.

आणि एवढे करूनही, दहा ठिकाणी घंटा वाजत असता 'दुसरा कोणी उचलील' असे दहाही जणांना वाटले, तर सुर्ल्याची ती मुलगी ताटकळतच राहील. आपल्या खाजन शेतीचा दाखला पाहा. खाऱ्या पाण्यापासून सर्वांचे शेत राखणारा बांध सर्वांचा. म्हणूनच त्याची देखभाल गावकरी संस्था नेमून देत असे. ती 'कोणीतरी करील' यावर सोडलेली नव्हती. घंटा दहा ठिकाणी वाजविणे यंत्रास साधते. पहिल्यांदा कोणी उचलावयाचे, त्याच्या गैरहजेरीत कोणी, हे माणसांनीच ठरवावयाचे असते.