चार बाय दोनची चिंदी

वळसंगच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे पीक-संरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअरची दुनळी आहे. रानडुकरं हुसकावायला वर्षातून दोन-चार बार, एवढाच तिचा वापर. "बार काढला की नळीतनं पिवळे कण गळायलेत. बंदूक मेली वाटतं," असं तो फोनवर म्हणाला. निवडणुकीमुळे बंदूक ठाण्यात जमा करायची होती, त्याआधी ती अप्पांना दाखवायची होती. अप्पा राखीव पोलीस दलातून आर्मोरर म्हणून निवृत्त झालेले. बार झाल्यावरही दारू न जळता उरते कशी, या कुतूहलापोटी मीही गेलो.

अप्पांनी बंदूक मोडली, काडतुसांची दोन्ही घरं रिकामी असल्याचं डोळ्यांनी पाहिलं, मग करंगळी घालून पाहिलं. नळ्या उजेडाकडे धरल्या. आत करडे ओरखडे दिसत होते: छर्ऱ्यांचं शिसं आणि प्लास्टिकच्या डाटाचा थर. घराच्या तोंडाशी मोहरीहून बारीक पिवळसर चकत्या चिकटलेल्या. त्यांनी फ्लॅनेलची चिंदी कापली. "चार बाय दोन. इंच. जास्त घेतली तर नळीत अडकती, कमी घेतली तर नुसती फिरून येती." नोकरीभर हे माप त्यांनी पोरांकडून घोकून घेतलं होतं, आता आम्हालाही ऐकवत होते.

"बंदुकीला काय धाड भरलीय? काडतुसं कुठं ठेवता?"

पत्र्याच्या खोलीत, माळ्यावर. किती उन्हाळे झाले ते त्यालाही आठवेना.

"मग! कुकरचं रबर सैल पडल्यावर डाळ शिजते का मालक?"

बिनधुराची दारू उघड्यावर पेटवली तर नुसती भुरभुरते. तिला जोर चढतो तो कोंडल्यावर. दाब वाढतो तशी ती अधिक वेगाने जळते. केप मंद पडली, काडतुसाचं तोंड सैल झालं किंवा डाट नळीला नीट भिडला नाही, की दाब चढण्याआधीच छर्रे पुढे सटकतात आणि मागची दारू अर्धीकच्ची राहते. परदेशात रायफलची काडतुसं घरी भरणाऱ्या शौकिनांची तक्रारही हीच. तिथे दारू ग्रेनमध्ये तोलतात. एका ग्रॅममध्ये साधारण 15 ग्रेन. धक्का कमी बसावा म्हणून कुणी भरणा हलका करतो, कुणी त्या गोळीला न मानवणारी संथ दारू वापरतो, आणि नळीत हेच कण सापडतात. काडतुसाची मानही बाहेरून काजळते. मी हे सांगितल्यावर अप्पा हसले. "तराजू बारीक असतो हो, माणूस जाडा असतो." घरी भरलेल्या काडतुसांवर त्यांचा काडीचा विश्वास नाही, आणि त्या ओट्यावर बसून माझाही उरला नाही.

पहिली चिंदी काळी निघाली. जळक्या तेलाचा आणि काहीसा आंबट असा वास आला. दुसरी, तिसरी. मधे पितळी ब्रश.

हात चालू ठेवून ते पोलिसांच्या जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफलीवर आले. त्या जुन्या काडतुसांच्या केपमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून नळीत क्षार उरतो, हवेतलं पाणी ओढतो आणि गंज धरतो. तेलात तो क्षार विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून गोळीबारानंतर नळीत आधी उकळतं पाणी ओतायचं, मग पुलथ्रू, म्हणजे चिंदी बांधलेली दोरी, ओढायचा, मग तेल. नवी पोरं आळस करून थेट तेल लावत. कोरड्या सोलापुरात खपून जाई. पावसाळ्यात कोकणात बंदोबस्त लागला की नळी लाल. तेल पुसून घेतल्यावर पुन्हा चार बाय दोन, सलग तीन दिवस. लोकांनी ती रायफल मुंबईवरच्या हल्ल्याच्या, 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री सीएसटी स्थानकावर पोलिसांच्या हातात पाहिली आणि तिला खेळणं म्हणून हिणवलं. अप्पांना ते अजून लागतं.

काळ्या दारूच्या दिवसांत तर हा जाच कित्येक पट होता. तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग जळूनही घनरूपातच उरतो. तोंडाकडून ठासायच्या एनफिल्ड रायफलीत दहा-वीस बारांनंतर गोळी उतरेना, म्हणून काडतुसाच्या कागदाला चरबी लावली: गोळी सुलभ सरकावी आणि काजळी मऊ राहावी. 1857 चा भडका उडाला तो याच चरबीवरून. शाळेत आम्हाला गाय आणि डुक्कर शिकवलं, नळीतली काजळी कुणी सांगितली नाही.

चिंदी आता जवळजवळ पांढरी येत होती. नळ्यांना खड्डे नव्हते. बंदूक ठणठणीत होती. शेतकऱ्याचा चेहरा खुलला, तोवर अप्पांनी त्याची उरलेली काडतुसं बाजूला सरकवली.

"ही उडवायची नाहीत. ठाण्यात जमा करून टाका."

"अप्पा, किंमत माहितीय का?"

"फुसका बार झाला आन् डाट नळीत अडकला, आन् तुम्ही डुकराच्या नादात त्याच नळीत दुसरं काडतूस घालून चाप ओढला, तर नळी फाटती. डाव्या हाताची बोटं तिथंच असत्यात."

"एवढ्या वर्षांत कधी झालं नाही."

"आवाज बारीक आला तर काय करता?"

"परत मारतो."

अप्पांनी गज खाली ठेवला आणि त्याला बंदूक मोडून, नळीतून पलीकडचा उजेड बघायला शिकवायला घेतलं. काडतुसांचं काय करायचं, यावर मी निघेपर्यंत दोघांचं एकमत झालं नव्हतं.