वर्गांक कोणाच्या सोयीचा?

मंडळी, आजचा प्रश्न साधा आहे. दुसऱ्या समाजात घडलेलं वर्गीकरण आपण आपल्या वाचकासाठी कसं वापरायचं?

मेल्विल ड्यूईंनी 1876 साली अमेरिकेत दशांश वर्गीकरण मांडलं. त्यात धर्माला 200 हा वर्ग आहे. त्यातले 220 ते 280 हे सात गट बायबल आणि ख्रिस्ती धर्माचे. हिंदू, बौद्ध, जैन, इस्लाम, सगळे मिळून 290 मध्ये. यावर रागावण्यात अर्थ नाही. त्यांच्या कपाटांत होती ती पुस्तकं त्यांनी लावली. वर्गांक हा सत्याचा क्रम नव्हे, तो पुस्तकाचा पत्ता आहे. पण पत्ता शोधणाऱ्याला कळला पाहिजे.

आता आपलं तालुक्याचं ग्रंथालय घेऊ. तिथे बहुतेक पुस्तकं मराठी. मराठी कादंबरीचा वर्गांक 891.463, म्हणजे शेकडो पुस्तकांच्या पाठीवर तोच आकडा. जे सगळ्यांवर सारखं, ते वाचकाला काहीच सांगत नाही. अशा वेळी आपल्या भाषेला एखादं अक्षर देऊन तिचं साहित्य आधी लावावं, ही सोय खुद्द ड्यूईंच्या तक्त्यांतच आहे. 1933 च्या कोलन वर्गीकरणात रंगनाथन यांनीही ग्रंथालयाच्या मुख्य भाषेला अशी सवलत ठेवली. तेव्हा बदल करणं म्हणजे नियम मोडणं नव्हे.

मात्र सोय म्हणजे मनमानी नव्हे. ज्ञानेश्वरी कुठे ठेवाल? गीतेवरची टीका म्हणून 294.5 मध्ये, की काव्य म्हणून 891.461 मध्ये? दोन्ही उत्तरं तर्काला धरून आहेत. म्हणून आपल्याकडे ती कोण मागतं, ते पाहायचं: कीर्तनकार आणि वारकरी, की साहित्याचे विद्यार्थी? एकदा ठरलं की सगळ्या प्रती तिथेच, आणि दुसऱ्या जागी ‘तिकडे पाहा’ अशी चिठ्ठी. निम्म्या प्रती इकडे, निम्म्या तिकडे झाल्या, की पुस्तक असूनही वाचक रिकाम्या हाताने परत जातो.

आणखी एक. केलेला बदल वहीत लिहून ठेवावा, नाहीतर ग्रंथपाल बदलला की कपाटाचा अर्थही हरवतो. तालिकेतल्या नोंदीत मूळ वर्गांक तसाच असू द्यावा. इतर ग्रंथालयांशी आपला व्यवहार त्यावर चालतो. पुस्तकाच्या पाठीवर वाचकाची सोय, नोंदीत सर्वांची: एवढं सांभाळलं तरी पुष्कळ झालं.