संघ कोणाचा? खेळाडूंचा की प्रशिक्षकाचा?



माझा एक जुना विद्यार्थी सध्या अमेरिकेत इंडियाना राज्यात शिकत आहे. शाळेत असताना त्याला खेळाचे विशेष वेड नव्हते. पण तिकडे गेल्यापासून त्याच्या प्रत्येक पत्रात कॉलेज फुटबॉलचा मजकूर हटकून असतो. मागे एकदा त्याने लिहिले, "सर, इथे जो तो एकाच गोष्टीवरून भांडतो. संघ हरला की निम्मे म्हणतात, प्रशिक्षक बदला. निम्मे म्हणतात, खेळाडू बदला. तुम्ही इतकी वर्षे शिकवीत आहात. तुम्हांला काय वाटते?" प्रश्न खेळाचा असला तरी तो एका शिक्षकाला विचारलेला होता. त्याचे जे उत्तर मला सुचले, ते आज आपणांपुढे मांडीत आहे.

प्रथम हा खेळ कोणता, ते सांगितले पाहिजे. गोव्यात किंवा बेळगावात आपण ज्याला फुटबॉल म्हणतो, तो हा नव्हे. यातला चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता असतो आणि बहुतेक वेळ तो हातातच असतो. प्रत्येक बाजूचे अकरा गडी मैदानात उतरतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे; न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाच्या स्वाधीन करायचा, असा सामान्य नियम. चढाई करणारे अकरा निराळे, बचाव करणारे अकरा निराळे, शिवाय राखीव गडी. त्यामुळे एका संघात शंभराच्या आसपास तरुण असतात. चढाईचा सूत्रधार तो क्वार्टरबॅक. त्याच्यापुढे पाच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे राहून त्याचे रक्षण करतात. ही भिंत आपण लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

हे संघ विद्यापीठांचे. पण त्यांचा थाट एखाद्या संस्थानासारखा. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. अनेक राज्यांत सरकारी तिजोरीच्या यादीवरील सर्वांत मोठा पगार राज्यपालाचा नसून विद्यापीठाच्या फुटबॉल प्रशिक्षकाचा असतो. तेव्हा पराभवानंतर सोमवारी सकाळी चहाच्या पेल्याबरोबर त्या प्रशिक्षकाची उलटतपासणी होते, यात नवल नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. विद्यापीठाच्या खेळाडूला सर्वसाधारणपणे चार हंगाम खेळता येते. म्हणजे संघ दरवर्षी थोडा थोडा रिकामा होतो आणि थोडा थोडा भरतो. विद्यार्थी जातात आणि मास्तर राहतात, हा जो शाळेचा धर्म, तोच या खेळाचा होता. म्हणून प्रशिक्षकाचे महत्त्व येथे व्यावसायिक खेळाहून अधिक. शाळाशाळांतून मुले हेरणे, त्यांना शिष्यवृत्ती देऊन आणणे आणि दोन-तीन वर्षे घडवून मग मैदानात उतरविणे, हे सारे त्याच्याच हाती असे.

या जुन्या पद्धतीचे उत्तम उदाहरण निक सेबन यांचे. २००७ साली ते अलाबामा विद्यापीठात आले. पहिल्या हंगामात सात विजय आणि सहा पराभव. त्यांत लुइझियाना-मन्रो या लहानशा संघाकडून स्वतःच्याच मैदानावर झालेली हार. पुष्कळांना वाटले असेल, हाच का तो नामांकित प्रशिक्षक? पण २००८ साली बारा विजय झाले, आणि २००९ साली चौदापैकी चौदा सामने जिंकून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळाले. मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या. नव्या दमाचे खेळाडू आले, आणि जुने व नवे एकाच शिस्तीत मुरले. २०२४ च्या जानेवारीत सेबन निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या नावावर अलाबामाची सहा अजिंक्यपदे होती. पहिल्या वर्षाच्या निकालावरून त्यांची पारख केली असती, तर ती चुकली असती.

तथापि गेल्या काही वर्षांत नियम पालटले. पूर्वी एक विद्यापीठ सोडून दुसऱ्यात गेलेल्या खेळाडूला सामान्यतः एक वर्ष बाहेर बसावे लागे. २०१८ साली स्थलांतर करू इच्छिणाऱ्या खेळाडूंची एक सामायिक नोंदवही सुरू झाली. तिला ट्रान्सफर पोर्टल म्हणतात. २०२१ पासून एकदा स्थलांतर करणाऱ्याला बाहेर बसण्याची अट उरली नाही, आणि २०२४ पासून अभ्यासात समाधानकारक प्रगती असल्यास कितीही वेळा जाता येऊ लागले. २०२१ च्या जुलैपासून स्वतःच्या नावाच्या प्रसिद्धीवर पैसे मिळविण्याची मुभा झाली, आणि २०२५ पासून विद्यापीठे स्वतःच खेळाडूंना मोबदला देऊ शकतात. परिणाम असा, की जो संघ उभारायला तीन-चार वर्षे लागत, तो एका हिवाळ्यात उभा करता येईल, अशी आशा प्रत्येकाला वाटू लागली. ही आशा कितपत खरी, हे तीन उदाहरणांवरून पाहू.

पहिले टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचे. २०२२ साली जिम्बो फिशर यांनी शाळांतून निवडून आणलेल्या मुलांची तुकडी देशात पहिल्या क्रमांकाची ठरली होती. कागदावर याहून चांगले साहित्य कोणापाशी नव्हते. पण त्याच हंगामात ॲपलाचियन स्टेट या मानाने दुय्यम संघाने त्यांना घरच्या मैदानावर हरविले, आणि अखेरीस पाच विजय व सात पराभव पदरी पडले. पुढल्याच वर्षी फिशर यांना दूर करण्यात आले, आणि करारापोटी साडेसात कोटी डॉलरांहून अधिक रक्कम देणे विद्यापीठाच्या अंगावर आले. कोठार भरलेले असले म्हणून स्वयंपाक होतोच असे नाही.

दुसरे कोलोरॅडोचे. २०२२ साली या संघाने बारांपैकी एकच सामना जिंकला होता. नवे प्रशिक्षक डिऑन सँडर्स, स्वतः एके काळचे विख्यात खेळाडू, यांनी जुना संघ जवळजवळ विसर्जित केला. पन्नासाहून अधिक खेळाडू गेले आणि तितकेच बाहेरून आले. २०२३ चे पहिले तीन सामने जिंकताच देशभर जयजयकार झाला. पण हंगाम संपला तो चार विजय आणि आठ पराभवांवर. कारण ती भिंत! नवखे गडी एकमेकांच्या हालचाली ओळखीत नव्हते, आणि त्यांचा क्वार्टरबॅक त्या हंगामात पन्नासाहून अधिक वेळा चेंडूसह जमिनीवर पाडला गेला. धावणारा गडी एकटा चमकू शकतो. भिंत मात्र एकत्र राबूनच बांधली जाते. २०२४ साली नऊ विजय मिळाले खरे. पण दोन अलौकिक खेळाडू निघून जाताच २०२५ साली पुन्हा तीन विजय आणि नऊ पराभव झाले.

तिसरे उदाहरण माझ्या विद्यार्थ्याच्या इंडियानाचे. फुटबॉलच्या इतिहासात या विद्यापीठाचे नाव सातशेहून अधिक पराभवांसाठी प्रसिद्ध होते. २०२३ साली त्यांचे तीन विजय आणि नऊ पराभव झाले. तेव्हा कर्ट सिग्नेटी नावाचे साठी उलटलेले प्रशिक्षक तेथे आले. त्यांनीही बाहेरून खेळाडू आणले. पण निवड निराळी होती. जेम्स मॅडिसन या आपल्या आधीच्या विद्यापीठातून तेरा खेळाडू त्यांच्याबरोबर आले. ते नामवंत नव्हते. पण प्रशिक्षकाची भाषा त्यांना ठाऊक होती, आणि नव्यांना ती शिकविण्यास ते उपयोगी पडले. पुढे काय करील या अंदाजापेक्षा आजवर काय केले, यावर सिग्नेटींची भिस्त. २०२४ साली अकरा विजय मिळाले. २०२५ च्या हंगामात कॅलिफोर्नियाहून आलेला फर्नांडो मेंडोझा हा क्वार्टरबॅक त्यांच्या हाताखाली देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. आणि १९ जानेवारी २०२६ रोजी मायामीचा २७-२१ असा पराभव करून, एकही सामना न हरता, इंडियाना राष्ट्रीय विजेता झाला. हे सिग्नेटी २००७ ते २०१० या काळात अलाबामात सेबन यांचेच साहाय्यक होते, ही गोष्ट मला सूचक वाटते.

तेव्हा प्रशिक्षक की खेळाडू, हा प्रश्नच मुळी चुकीच्या ठिकाणी दुभंगला आहे. खेळाडू कोणते निवडावेत, हे प्रशिक्षकाच्या गुणाचेच एक अंग आहे. आणि निवडलेला खेळाडू वर्षाअखेर आला तेव्हापेक्षा वरचढ झाला की नाही, ही त्या गुणाची खरी कसोटी आहे. चाहत्यांनी विजय-पराजयाबरोबर एवढे पाहावे: हंगामाच्या शेवटी संघ सुरुवातीपेक्षा शहाणा खेळतो काय? दोन वर्षे याच हाताखाली राहिलेला मुलगा पुढे गेला की तेथेच थांबला? उत्तर 'नाही' असेल, तर प्रशिक्षक बदला म्हणणारे बरोबर आहेत. उत्तर 'होय' असेल, तर थोडा दम धरावा.

आणखी एक गोष्ट शिक्षक म्हणून सांगितल्यावाचून राहवत नाही. संघाची पुनर्रचना हा शब्द उच्चारायला सोपा आहे. पण प्रत्येक नव्या नावासाठी एक जुने नाव पुसले जाते. ते नाव अठरा-वीस वर्षांच्या मुलाचे असते. नोंदवहीत नाव घातलेल्या प्रत्येकाला नवे विद्यापीठ मिळतेच असे नाही. आणि मिळाले तरी आधी शिकलेले सर्व विषय तेथे धरले जातीलच असे नाही. नव्या नियमांनी खेळाडूला स्वातंत्र्य दिले, ते योग्यच झाले; प्रशिक्षक मनास येईल तेव्हा नोकरी बदलत असता मुलांनाच जखडून ठेवणे अन्यायाचे होते. पण जाण्याचे स्वातंत्र्य एक, आणि घालवून देणे दुसरे.

आम्हां शिक्षकांना जूनमध्ये जो वर्ग मिळतो, तो मिळतो. त्यातली पन्नास मुले परत पाठवून दुसरी पन्नास मागविण्याची सोय नाही. कधी कधी, खोटे कशाला बोलू, अशी सोय असती तर बरे झाले असते, असे मनात येऊन जाते. पण शेवटच्या बाकावरचा जो मुलगा पहिल्या सहामाहीत मला नकोसा वाटला होता, त्यानेच आज अमेरिकेहून हा प्रश्न विचारला आहे. त्याला मी हेच उत्तर लिहून धाडले.