महावृक्षाच्या पायाशी

झाडाचे वय किती, हा प्रश्न आपण शहरातली माणसे फार सहजपणे विचारतो. रानातल्या एखाद्या जुन्या वृक्षापुढे उभे राहिले की पहिला प्रश्न हाच. दुसरा उंचीचा. आणि तिसरा, त्याच्या बुंध्याला टेकून छायाचित्र कुठून चांगले येईल, हा. पहिल्या दोहोंची उत्तरे पुढे येतील. तिसऱ्याचे उत्तर ज्याचे त्याने शोधावे. परंतु त्या वृक्षाचे जगणे-मरणे ज्या गोष्टीवर अवलंबून असते, ती ह्या तिन्ही प्रश्नांत येत नाही. आपण जेथे उभे राहून प्रश्न विचारतो, तेथेच ती आपल्या तळव्यांखाली असते. येथे मुख्यतः तिच्याविषयी सांगावयाचे आहे. आमच्याजवळ वनस्पतिशास्त्राची पदवी नाही. कामगारांच्या संघटनेत आयुष्य गेले. जे कळले ते वाचून, जाणत्यांना विचारून आणि पायी हिंडून कळले, एवढे आधीच सांगून टाकतो.

आपली नवी मुंबई वयाने लहान. सिडको स्थापन झाली १९७० साली. येथल्या रस्त्यांवरची बहुतेक झाडे आपल्या डोळ्यांदेखत वाढलेली आहेत, आणि म्हणून दोनतीनशे वर्षांचा वृक्ष म्हणजे काय, ह्याची कल्पना येथे वाढलेल्या मुलांना घरबसल्या येत नाही. त्यासाठी सह्याद्रीचा माथा गाठावा लागतो. आमच्या काही सोबत्यांना घेऊन आम्ही जातो ते आहुप्याला. पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्याच्या अगदी पश्चिम कडेला, भीमाशंकरच्या उत्तरेस, महादेव कोळ्यांचे हे गाव आहे. कल्याणहून मुरबाड, म्हसा करीत खोपिवलीला उतरावे आणि तेथून घाटाची जुनी वाट धरावी. चढण दमविणारी आहे. निम्म्या वाटेवर गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके एका बाजूला दिसू लागतात. माथ्यावर पोचले की वारा लागतो, आणि गावाजवळच ती काळपट हिरवी, दाट दिसणारी राई: आहुप्याची देवराई.

आत शिरताना वाट दाखविणाऱ्या म्हाताऱ्या बाबांनी आम्हांस थांबविले. "वहाणा हितंच काढा, भाऊ." आमच्यातल्या एकाने काट्यांची शंका काढली. बाबा म्हणाले, "आमी जल्मभर अनवाणीच जातो." विषय संपला.

आतला उजेड निराळा असतो. जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा, आंबा ह्यांची छत्रे वर एकमेकांत मिसळलेली. त्यांवरून शेकरू एका झाडावरून दुसऱ्यावर, जमिनीला पाय न लावता निघून जाते. ह्या झाडांतून गारंबीची वेल चढलेली आहे. वेल म्हणताना जीभ अडखळते, कारण तिचे खोड आपल्या मांडीहून जाड आहे, आणि ते अजगरासारखे वेटोळे घेत कुठून निघाले व कुठे गेले ह्याचा पत्ता लागत नाही. तिची शेंग हातभराहून लांब होते. ह्या सगळ्यांच्या मध्ये एक जुना आंबा. चौघांनी हात पसरून कवेत घ्यावे तेव्हा कुठे त्याला वेढा पडतो. एकाने विचारलेच, बाबा, हे झाड किती वर्षांचे? बाबा म्हणाले, "आमच्या आज्याच्या आज्यानं बी ते असंच पाहिलं."

शास्त्रज्ञाला विचारले तर तो ह्याहून फार अधिक सांगू शकेल असे समजू नका. थंड देशांतील झाड हिवाळ्यात वाढ थांबविते व वसंतात पुन्हा सुरू करते. त्याची खूण म्हणून लाकडात दर वर्षी एक कडे उमटते. कडी मोजली की वय मिळाले. कॅलिफोर्नियातील ब्रिसलकोन पाईन जातीच्या एका वृक्षाचे वय असेच मोजून ४,८०० वर्षांहून अधिक ठरले. आपल्याकडे सागवान पानगळीचे झाड असल्याने त्यातही कडी स्पष्ट असतात, आणि पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील संशोधकांनी सागाच्या कड्यांवरून जुन्या काळच्या पावसाचा माग काढला आहे. सदाहरित रानातल्या अनेक झाडांत मात्र अशी भरवशाची कडी नसतात. शिवाय फार जुन्या झाडाचा गाभा बहुधा कुजून पोकळ झालेला असतो. म्हणजे ज्या पानांवर त्याचे बालपण लिहिलेले, तीच पाने फाटलेली. वडाची तर तऱ्हाच वेगळी. कलकत्त्याजवळ शिबपूरच्या उद्यानातील प्रसिद्ध वडाचे मूळ खोड बुरशीने सडले म्हणून १९२५ साली कापून काढले. झाड आजही हजारो पारंब्यांवर उभे आहे. मग त्याचे वय कोणाचे मोजावयाचे?

हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा राहिलेला नाही. महाराष्ट्राच्या नागरी भागातील झाडांविषयीचा १९७५ चा कायदा २०२१ साली दुरुस्त झाला, आणि पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला 'प्राचीन वृक्ष' असे विशेष संरक्षण मिळाले. म्हणजे झाडाचे वय हा आता आपल्या शहरात वादाचा आणि पुराव्याचा विषय झाला आहे. पण हा कायदा नागरी क्षेत्रापुरता. आहुप्याचा आंबा त्याच्या कक्षेत येत नाही. त्याचे रक्षण दुसऱ्याच कायद्याने झाले, जो कागदावर कधीच नव्हता.

उंचीविषयीही एक गैरसमज दूर केला पाहिजे. वर्षावन म्हटले की ताडामाडांहून उंच झाडे डोळ्यांपुढे येतात. आपल्या घाटमाथ्यावर पाऊस प्रचंड पडतो, परंतु तो चार महिन्यांत पडून जातो. उरलेले आठ महिने कोरडे, आणि वाऱ्याचा मार सततचा. त्यामुळे आपले रान ठेंगणे. दक्षिणेकडे जावे तसा कोरडा काळ कमी होतो आणि झाडे उंचावतात. केरळात परंबिकुलमच्या रानातील 'कन्निमारा' नावाचा साग चाळीस मीटरांच्या घरात आहे, आणि त्याच्या बुंध्याचा घेर सुमारे सात मीटर. भारत सरकारने त्याला १९९४-९५ चा महावृक्ष पुरस्कार दिला. आहुप्याच्या झाडांनी ह्या शर्यतीत उतरू नये. त्यांची थोरवी ती उरली ह्यात आहे.

कारण बाकीची उरली नाहीत. मुंबईच्या गोदीत सागाची जहाजे बांधली जात. १८१७ साली येथे पाण्यात उतरलेले 'त्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज इंग्लंडमध्ये आजही तरंगते आहे, इतके ते लाकूड टिकाऊ. मग रेल्वे आली, तिला स्लीपर हवे झाले. आणि त्याहून मोठी भूक होती ती तुमच्याआमच्या चुलीची. आमच्या पिढीतील ज्यांनी चाळीत दिवस काढले, त्यांना शेगडी आणि कोळशाचे पोते आठवत असेल. तो कोळसा खाणीतला नव्हता, लाकडाचा होता, आणि सह्याद्रीच्या रानांतल्या भट्ट्यांतून येत होता. रायगड-ठाण्याकडे भट्टी लावणारा मजूर बहुधा कातकरी. पावसाळ्याच्या तोंडावर ठेकेदाराची उचल घ्यावयाची आणि ती फेडण्यासाठी हंगामभर कुटुंबासह रानात राबावयाचे. हिशेब ठेकेदाराच्या वहीत, आणि तो कधी मिटत नसे. पानशेतच्या बांधकामाच्या काळात रानात रस्ते गेले, तसे कोळसावाले आत शिरले आणि डोंगर उघडे झाले, हे माधव गाडगीळ ह्यांनी लिहून ठेवले आहे. झाड आणि मजूर दोघेही एकाच भट्टीत जळाले, असे आम्ही म्हटले तर ते अलंकारिक मानू नये.

ह्या सगळ्या लुटीत देवराया वाचल्या. गाडगीळ व वा. द. वर्तक ह्यांनी १९७० च्या दशकात गावोगाव फिरून त्यांची पाहणी केली. महाराष्ट्रात आजवर दोन हजारांहून अधिक देवरायांची नोंद झालेली आहे. नियम साधारण सारखे: कुऱ्हाड लावावयाची नाही, कित्येक ठिकाणी पडलेली काटकी, वाळलेले पानसुद्धा बाहेर न्यावयाचे नाही, अनेक ठिकाणी वहाणा घालून आत जावयाचे नाही. मोडले तर देवाचा कोप. आम्ही देवाधर्माच्या बाबतीत फारसे भाविक नाही, आणि काही देवरायांत बायकांना मज्जाव असतो तो आम्हांस मुळीच मान्य नाही. तरीही ह्या तीन नियमांकडे आम्ही आदराने पाहतो, कारण मातीचे शास्त्र जे सांगते तेच ते सांगतात.

ते असे. मोठ्या झाडाची मुळे त्याच्या उंचीइतकी खोल जातात, ही समजूत चुकीची आहे. झाडाला अन्नपाणी पोचविणारी बारीक मुळे बहुतांशी जमिनीच्या वरच्या फूट-दोन फुटांतच असतात, आणि ती आडवी, छत्राच्या सावलीच्याही पलीकडे पसरलेली असतात. घाटमाथ्यावरची माती दर पावसाळ्यात धुपून निघते. तिच्यात पोषण थोडेच उरते. खरे भांडवल वरच्या पालापाचोळ्यात. पान पडते, बुरशी व किडे त्याला कुजवितात, आणि मुळांना चिकटलेले बुरशीचे धागे ते अन्न परत झाडाकडे पोचवितात. आहुपे-भीमाशंकरच्या रानात पावसाळी रात्री कुजक्या लाकडावर हिरवट उजेड दिसतो, तो अशाच लाकूड कुजविणाऱ्या बुरशीचा. म्हणजे पडलेली काटकी उचलून नेली तर झाडाच्या पुढल्या जेवणातला घास उचलला.

आणि पाऊल? चांगल्या रानमातीत निम्मी जागा पोकळ असते. तिच्यातून पाणी मुरते, मुळे श्वास घेतात. शेकडो पावले एकाच जागी पडत राहिली की ही पोकळी मिटते. पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते, बारीक मुळे गुदमरतात. एकदा घट्ट झालेली माती पुन्हा सैल व्हावयास वर्षेच्या वर्षे लागतात. वृक्ष मात्र लगेच मरत नाही. साठविलेल्या शिदोरीवर तो काही काळ काढतो, मग शेंडा वाळू लागतो, मग एखाद्या वादळात पडतो, आणि लोक म्हणतात, म्हातारा झाला होता. आमच्या पारसिकच्या डोंगराकडच्या दगडखाणींतील कामगार आम्हांस येथे आठवतात. छातीत धूळ साचते तरुणपणी, खोकला येतो दहापंधरा वर्षांनी. तोवर खाण बंद आणि मालक दुसरीकडे. कारण आणि परिणाम ह्यांत इतके अंतर पडले की दोष कोणालाच लागत नाही.

जगात इतरत्र हे ओळखले गेले आहे. न्यूझीलंडमधील कौरी वृक्षांना मातीतून पसरणारा रोग लागला. तो पाहुण्यांच्या बुटांच्या तळव्यांना चिकटलेल्या चिखलाबरोबर प्रवास करतो. वायताकेरेच्या रानावर तेथील माओरी लोकांनी २०१७ च्या डिसेंबरात 'राहुई' म्हणजे प्रवेशबंदी पुकारली. नगरपालिकेने २०१८ साली ते मान्य करून रान बंद केले. 'ताने महुता' ह्या प्रख्यात कौरीकडे जाताना आजही बूट घासून-धुऊन, फळ्यांच्या उंच वाटेवरूनच जावे लागते. अमेरिकेतील 'हायपेरियन' नावाचा रेडवुड ११५ मीटरांहून उंच, जगातला सर्वांत उंच वृक्ष. २००६ साली तो सापडला. पाहणाऱ्यांनी त्याच्या मुळाशी इतकी तुडवातुडव केली की २०२२ साली तेथे जाणाऱ्यास पाच हजार डॉलरपर्यंत दंड व सहा महिन्यांपर्यंत कैद, असे जाहीर करावे लागले. त्या जुन्या ब्रिसलकोन पाईनची जागा तर तेथील वनखाते सांगतच नाही. आणि आपल्याकडे? देवळाचा जीर्णोद्धार निघतो, भोवती सिमेंटचा कोबा होतो, पत्र्याची शेड उभी राहते. भक्ती वाढते तसा झाडाचा श्वास कोंडतो. शहरातही तेच. दिल्लीतील झाडांच्या बुंध्याभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढावे, असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिला. आपल्या पदपथांवर पेव्हर ब्लॉक थेट खोडाला भिडलेले किती सापडतात, हे व्याख्यानाहून घरी जाताना मोजून पाहावे.

आहुप्याला आता पक्का रस्ता झाला आहे, आणि पावसाळ्यात गाड्या भरून मंडळी येतात. त्यांनी येऊ नये असे आम्ही म्हणणार नाही. कारखान्यात आठ तास उभे राहणाऱ्याला त्या सावलीचा हक्क आहेच. गावकऱ्यांच्या हातीही काही आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला मिळू शकतो. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने तो २००९ साली मिळविला. जी राई गावाने कागदाशिवाय राखली, तिच्यावर गावाचे नाव कागदोपत्री लागावे, ही मागणी आम्हांस मजुरीच्या मागणीइतकीच रास्त वाटते. हिरडा गोळा करून वर्षाचा मीठमिरचीचा खर्च भागविणाऱ्या ह्या लोकांना, आपण नियम मोडून गेल्यावर तुडवलेली राई मागे राहते.

ज्यांना घाट चढवत नाही त्यांनी मंचरहून घोडेगाव, डिंभे ह्या रस्त्याने जावे. डिंभे धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूचे नाव आहे. १९३० च्या १२ डिसेंबरला मुंबईत परदेशी कापडाच्या मालमोटारीपुढे आडवा पडलेला हा कामगार ह्याच आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचा. दहा-बाराहून अधिक माणसे एका वेळी नेऊ नयेत. पावसाळा टाळून मार्गशीर्ष-पौषात जावे, तेव्हा माती कोरडी असते आणि पावलाखाली कमी दबते. जेवण गावातल्या घरी सांगावे व त्याचे पैसे न घासाघीस करता द्यावे. राईत मळलेल्या पायवाटेवरूनच चालावे, झाडाला कवेत घेण्याचा मोह झालाच तर तो एकदा पुरवावा आणि मागे सरावे. परतीच्या एस्टीची वेळ मात्र मंचरला उतरतानाच विचारून ठेवावी.