बंद मोटारीतील उष्मा आणि श्वान

ग्रीष्म ऋतूत सूर्य सृष्टीतील स्निग्धांश शोषून घेतो, हे आपण ऋतुचर्येत शिकलो आहोत. पर्जन्यछायेतील पारनेर तालुक्यात त्याचा प्रत्यय चैत्रापासूनच येतो. निघोज येथे कुकडी नदीतील रांजणखळगे पाहण्यास मोटारीने येणाऱ्या कुटुंबांसोबत पाळीव श्वानही असतात. ‘काच थोडी खाली आहे, पाच मिनिटांत येतो’ असे म्हणून त्यांना मोटारीत ठेवले जाते. हा समज घातक का आहे, हे आपल्याकडे येणाऱ्या कुटुंबांना वैद्यांनीही सांगावे, असे आम्हांस वाटते.

काचेतून सूर्यप्रकाश आत शिरतो, त्याने आसने तापतात. परंतु त्यांतून निघणारी उष्णता काचेतून सहज बाहेर पडत नाही. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उन्हात उभ्या मोटारीतील तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढल्याचे आढळले. त्यातील ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच किंचित उघडी ठेवल्याने फारसा फरक पडला नाही. म्हणजे बाहेर ३० अंश असता आत तासाभरात ५० अंशांच्या आसपास उष्मा होऊ शकतो.

स्वेदवह स्रोतसांचे मूळ मेद व लोमकूप सांगितले आहे. मनुष्य त्वचेवरील स्वेदाने शरीर थंड राखतो. श्वानास मात्र घाम मुख्यतः पंजांच्या तळव्यांस, तोही अल्प, येतो. त्याचा खरा आधार म्हणजे धापा टाकणे. बंद जागेत हवा तप्त व दमट झाली की हा मार्गही निष्फळ होतो. श्वानाचे प्राकृत तापमान सुमारे ३८ ते ३९ अंश असते. ते ४१ अंशांपुढे गेल्यास यकृत, वृक्क व मेंदू यांस इजा होते. पगसारख्या आखूड नाकाच्या, स्थूल व वृद्ध श्वानांना धोका अधिक.

जोराची धाप, घट्ट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या, वांती व मूर्च्छा ही लक्षणे होत. उष्ण वारा व ऊन यांनी दग्ध झालेल्यास शीत उपचार करावा, असे सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सांगितले आहे. येथेही तत्त्व तेच. श्वानास तत्काळ सावलीत न्यावे, अंगावर थंड पाणी ओतत राहावे व वारा घालावा. ओला टॉवेल अंगावर झाकून ठेवू नये, त्याने उष्णता कोंडते. शुद्धीवर असल्यास पाणी पुढे ठेवावे, बळेच पाजू नये. त्यानंतर पशुवैद्यकाकडे न्यावे. वरकरणी बरे वाटले तरी वृक्कविकार मागाहून प्रकट होऊ शकतो.

येथे वैद्यांनी विशेष सावध राहावे. उन्हाळी लागल्यास आपल्याकडे कांद्याचा रस किंवा मनुकांचे पाणी देण्याची रीत आहे. पारनेर तर कांदा पिकविणारा तालुका. मनुष्यास हितकर असलेली ही द्रव्ये श्वानास विषसमान आहेत. कांद्याने त्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, तर द्राक्षे व मनुका यांनी वृक्क निकामी होऊ शकतात. गजांसाठी पालकाप्याने व अश्वांसाठी शालिहोत्राने स्वतंत्र शास्त्र सांगितले, ते प्राणिपरत्वे चिकित्सा बदलते म्हणूनच.

तथापि निदानपरिवर्जन हीच श्रेष्ठ चिकित्सा. ज्या ठिकाणी श्वानास सोबत उतरविता येणार नाही, तेथे त्यास नेऊच नये. घरच्या सावलीत, पाण्याचे भांडे जवळ ठेवून त्याचा दिवस सुखाने जातो.